खांबावरचा कागद आणि हाताशी असलेली वही

पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या कुठल्याही गल्लीत शिरलं की विजेच्या खांबावर छातीच्या उंचीला एक कागद चिकटवलेला दिसतो. ‘१ बीएचके भाड्याने. फॅमिली/बॅचलर.’ खाली मोबाइल नंबर. पावसाने शाई ओघळलेली आणि मागे त्याच मजकुराच्या जुन्या कागदांचे पापुद्रे. घरांच्या दलालीत नव्याने उतरणाऱ्या माणसाला पहिला सल्ला बहुतेक वेळा हाच मिळतो: शंभर झेरॉक्स काढ, खळ घे आणि पहाटे फिरून ये. याहून स्वस्त जाहिरात नाही.

त्या हिशेबात फक्त झेरॉक्स आणि खळ धरलेली असते. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. सार्वजनिक ठिकाणच्या मालमत्तेवर परवानगीशिवाय कागद चिकटवणं किंवा मजकूर रंगवणं हा त्याखाली गुन्हा ठरतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर नंबर छापलेलाच असतो, त्यामुळे जाहिरात कुणाची हे पालिकेला शोधत बसावं लागत नाही. झाडावर खिळा ठोकून लावलेली पाटी तर त्याहून वाईट. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ‘खिळेमुक्त झाडं’ ही मोहीम काढली आणि झाडांच्या बुंध्यांतून खिळे उपसून काढले. ज्या रहिवाशांनी रविवारची सकाळ त्या कामात घालवली, त्यांच्याच सोसायटीत एजंटाला फ्लॅट दाखवायला जायचं असतं. खांबावरचा कागद नंबर पोहोचवतो, पण विश्वासाचं एक अक्षरही पोहोचवत नाही. घराच्या व्यवहारात तर विश्वासच विकत घेतला जातो.

दुसरा समज फोनचा. अनलिमिटेड पॅक आहे, कुणाकडून तरी हजार नंबरांची यादी मिळाली आहे, रोज शंभर फोन लावले की एक पार्टी लागतेच. फोन फुकट आहे, मग बिघडलं काय?

बिघडतं ते असं. नको असलेले व्यापारी फोन बंद करण्यासाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ग्राहकांना १९०९ हा क्रमांक दिला, तेव्हा ग्राहकाला हवे ते विषय निवडून बंद करता यावेत म्हणून वर्गवारीही केली. त्या यादीत बँकिंगच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर रिअल इस्टेट आहे. या फोनसाठी स्वतंत्र वर्ग ठेवावा लागला, यावरूनच लोक त्यांना किती कंटाळले आहेत ते कळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. नोंदणी नसलेल्या क्रमांकावरून व्यापारी फोन आला तर ‘डीएनडी’ घेतलेलं नसतानाही ग्राहक तक्रार करू शकतो, आणि तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर गेली. दहा दिवसांत पाच तक्रारी एवढ्यावर कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी त्या क्रमांकावरून बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद, पुन्हा तसंच घडलं तर सगळी दूरसंचार सेवा वर्षभरासाठी खंडित. एजंटाचा नंबर हेच त्याचं दुकान. दहा वर्षांच्या ग्राहकांकडे सेव्ह असलेला तो नंबर एका विकतच्या यादीपायी धोक्यात घालणं हा फार महागाचा सौदा आहे.

मग व्हॉट्सॲप? इथला गोंधळ अगदी साधा आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये दोनशे नंबर घातले म्हणजे दोनशे जणांना निरोप गेला असं अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात ज्यांनी एजंटाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे, त्यांनाच तो निरोप मिळतो. बाकीच्यांकडे तो पोहोचतच नाही, आणि पाठवणारा मात्र ‘मार्केट थंड आहे’ म्हणत बसतो. म्हणून पहिल्याच भेटीत ‘सर, नंबर सेव्ह करून ठेवाल का? अशा घराचं काही आलं की कळवतो’ एवढं विचारणं हे शंभर फॉरवर्डपेक्षा मोलाचं. व्हॉट्सॲपचं व्यवसायासाठीचं मोफत ॲप घेतलं तर ‘मालक’, ‘भाडेकरू’, ‘खरेदी – कोथरूड’, ‘खरेदी – वारजे’ अशी लेबलं लावून ज्याला जे हवं तेवढंच पाठवता येतं. वारज्यात वन बीएचके शोधणाऱ्याला बाणेरचा पेंटहाउस पाठवला की तो नंबर म्यूट करतो, आणि म्यूट झालेला नंबर सहसा परत उघडत नाही.

याच व्हॉट्सॲपवर आणखी मोठा गैरसमज वावरतो: फॉरवर्ड म्हणजे जाहिरात नव्हे. ‘प्री-लाँच ऑफर, ईओआय सुरू, दर वाढण्याआधी बुक करा’ असा निरोप बिल्डरच्या ऑफिसातून येतो आणि एजंट तो पुढे ढकलतो. आपण तर नुसता निरोप्या, असं त्याला वाटतं. २०१६च्या स्थावर मालमत्ता नियमनाच्या ‘रेरा’ कायद्यातली जाहिरातीची व्याख्या मात्र भरपूर रुंद आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही स्वरूपात केलेली प्रसिद्धी तिच्यात येते. सूचनापत्रं आणि परिपत्रकंही येतात. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करायला बिल्डरला मनाई आहे आणि नोंदणी नसलेल्या प्रकल्पातल्या विक्रीला हातभार लावायला एजंटाला मनाई आहे. एजंटाने ही मनाई मोडली तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. साठ लाखांच्या फ्लॅटचे पाच टक्के म्हणजे तीन लाख. दोन टक्के दलाली धरली तरी हातात एक लाख वीस हजारच येणार होते.

‘कालच गेला’ हा प्रकारही याच खात्यातला. परिसरात कुठेच मिळणार नाही अशा किमतीला टू बीएचके टाकायचा, फोन आला की ‘तो कालच गेला, पण दुसरा आहे’ म्हणायचं. काही जण याला धंद्यातली युक्ती समजतात. कायदा एजंटाच्या खोट्या आणि दिशाभूल करणाऱ्या निवेदनांना अनुचित व्यापार प्रथा म्हणतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी त्या पार्टीने सुट्टीचा दिवस मोडून, बसने दीड तास येऊन ते ऐकलेलं असतं. ती पुन्हा फोन करत नाही, आणि चार ठिकाणी ते सांगते.

रेराच्या नोंदणीकडे कटकट म्हणून पाहणं हा सगळ्यात नुकसानीचा समज. आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी: रेराखाली नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीची मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, नुसती भाड्याची कामं करणाऱ्याला तीच तरतूद लागू होत नाही. पण ज्यांना ती लागू आहे त्यांच्यासाठी राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय नवी नोंदणी किंवा नूतनीकरण नाही. प्रमाणपत्र सादर न केल्यामुळे त्याच वर्षी सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. जो परीक्षा उत्तीर्ण होऊन टिकून राहिला, त्याच्याकडे गर्दीतून वेगळं दिसण्याचं एक साधन फुकट आलं.  ते म्हणजे नोंदणी क्रमांक. महारेराच्या संकेतस्थळावर कुणीही तो टाकून पाहू शकतो. व्हिजिटिंग कार्डावर, व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलमध्ये, प्रत्येक निरोपाच्या तळाशी हा क्रमांक लिहायला एक पैसाही लागत नाही. प्रकल्पाच्या जाहिरातीत तर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे, नाहीतर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोच कोड एजंटाने स्वतः ग्राहकासमोर स्कॅन करून प्रकल्पाचं पान उघडून दाखवलं, तर पुढचा अर्धा तास बोलून जे साधणार नाही ते दोन मिनिटांत साधतं.

गूगलच्या नकाशावर दिसायला पैसे लागतात, असंही पुष्कळांना वाटतं. व्यवसायाची प्रोफाइल तिथे मोफत उघडता येते. पडताळणी करावी लागते आणि ती थोडी चिवट असते, एवढंच. घोटाळा होतो तो नावात. पाटीवर ‘श्रीगणेश एंटरप्रायझेस’ असतं आणि गूगलवर ‘श्रीगणेश बेस्ट फ्लॅट ऑन रेंट कोथरूड’. असं नाव फुगवणं गूगलच्या नियमात बसत नाही आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकते. पैसे किंवा सवलत देऊन मिळवलेले अभिप्रायही चालत नाहीत. खरा अभिप्राय मागण्याची वेळ एकच: किल्ली हातात पडते तो दिवस. त्या दिवशी माणूस आनंदात असतो आणि दोन ओळी मनापासून लिहितो. महिन्याने विचारलं तर गळकी टाकी आणि शेजाऱ्याचं पार्किंग डोक्यात असतं.

फोटोंसाठी महागडा कॅमेरा किंवा फोटोग्राफर हवा, हे खरं नाही. बाराशे फोटोंच्या गर्दीत एखादी जाहिरात मागे पडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्याबाहेरचं असतं: दोरीवरचे कपडे, ओट्यावरची भांडी, बेसिनजवळचं ओलं पुसणं, कमोडचं उघडं झाकण. सकाळी दहाच्या सुमारास पडदे सरकवून, फोन छातीशी आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यातून घेतलेला फोटो पुरेसा बोलका असतो. कोपऱ्यात झाडू टेकवून ठेवलेला असेल तर आधी तो उचलावा. अल्ट्रावाइड लेन्सने खोली मोठी दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. दहा बाय दहाची बेडरूम फोटोत हॉलएवढी दिसली, तर ग्राहक दारातच हिरमुसतो. ड्राय बाल्कनीतून काय दिसतं, लिफ्टचा दरवाजा कसा आहे, दुचाकी कुठे लागते, हे फोटो जवळपास कुणी टाकत नाही आणि भाडेकरू नेमकं तेच विचारतो. क्षेत्रफळ कार्पेटमध्ये लिहावं. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाहीत. सुपर बिल्टअपचा फुगवलेला आकडा टेप लावल्यावर उघडा पडतोच.

खरी स्वस्त जाहिरात यापलीकडे आहे आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. ती म्हणजे माहिती. घर भाड्याने देणाऱ्या बहुतेक मालकांची समजूत असते की अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मुदत कितीही असो, जबाबदारी मालकाची. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे ऐकल्यावर मालक लगेच खर्च विचारतो. एजंटाने तिथेच कागदावर हिशेब मांडावा. भाडं वीस हजार, अकरा महिन्यांचे दोन लाख वीस हजार. एक लाख डिपॉझिट, त्यावर दहा टक्क्यांनी धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज नऊ हजारांच्या जरा वर. बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेसहाशेच्या घरात. शहरी भागात नोंदणी शुल्क हजार रुपये. हा कागद फोटो काढून व्हॉट्सॲपवर गेला की तो मालकाच्या भावाकडे आणि सोसायटीच्या ग्रुपवर आपोआप जातो, तळाशी लिहिलेल्या नंबरासकट.

असे विषय गल्लोगल्ली पडलेले आहेत. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मनाला येईल तेवढे पैसे मागू शकते का? नाही, बिनभोगवटा शुल्काला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, २००१ पासून. घर बायकोच्या नावे घेतलं तर? महाराष्ट्रात महिला खरेदीदाराला निवासी घरावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साठ लाखांच्या घरावर साठ हजार रुपये. सरकारी दर काय आहे? रेडी रेकनर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. शेजारच्या इमारतीतला फ्लॅट खरोखर कितीला गेला? नोंदवलेल्या दस्ताची इंडेक्स टू शोधता येते. गावाकडच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. एका प्रश्नाचं उत्तर मराठीत, मोबाइल समोर धरून, दीड मिनिटात सांगितलं की रील तयार. नाचायची गरज नाही, ड्रोनची तर नाहीच.

आणि वही. जुन्या एजंटांच्या खणात लाल पुठ्ठ्याची लांबट वही असे, आता एक्सेल असते, काम तेच. रकाने पाच: मालक, भाडेकरू, पत्ता, कराराची तारीख, संपण्याची तारीख. जूनच्या १ तारखेला झालेला अकरा महिन्यांचा करार एप्रिलअखेर संपतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मालकाला एक फोन, भाडेकरूला एक. तो राहणार असेल तर नव्या कराराचं काम, जाणार असेल तर त्याला दुसरं घर आणि मालकाला दुसरा भाडेकरू. नंबर ओळखीचा, माणूस ओळखीचा, म्हणून फोन उचलला जातो. वर्षाला चाळीस करार करणाऱ्या एजंटाकडे असे ऐंशी फोन तयार असतात आणि त्यातला एकही विकतच्या यादीतून आलेला नसतो. ज्यांच्याकडे ही वही नाही त्यांनी आधी गेल्या दोन वर्षांतले करार मोबाइलच्या गॅलरीतून आणि मेलमधून शोधून काढावेत. तारखा लावायला एक दुपार जाते, आणि पहिला फोन बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी करायचा असतो, कारण कुणाचा तरी करार पुढच्या महिन्यात संपत असतोच.