हाडांतील वेदना आणि किरणोत्सर्गी औषधे

स्तनाचा किंवा पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुष्कळदा मूळ जागी थांबत नाही. त्याच्या पेशी रक्तावाटे पसरून कणा, बरगड्या व कमरेची हाडे यांत ठाण मांडतात. तेथे हाड झिजणे व नवे हाड रचले जाणे या दोन्ही क्रिया अनावर होतात, आणि रोग्यास कूस पालटणेही असह्य व्हावे अशी वेदना जडते. दुखणे एकाच ठिकाणी असल्यास बाहेरून किरण सोडून ते शमविता येते. परंतु दहा ठिकाणी ठणकणाऱ्या सांगाड्यावर किरण सोडावयाचे तरी कोठे कोठे? मॉर्फीन अवश्य द्यावे, पण त्याने येणारी गुंगी व बद्धकोष्ठ काही रोग्यांस सोसत नाही.

अशा वेळी हाडाचा एक स्वभावधर्म कामी येतो. जेथे नवे हाड वेगाने रचले जात असते, तेथे कॅल्शियम व फॉस्फेट यांची ओढ अधिक असते. त्यांच्या जातीचा किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून टोचल्यास तो आपण होऊन दुखऱ्या जागी जाऊन बसतो. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे चार्ल्स पेशे याने 1940 च्या सुमारास कॅल्शियमचे भावंड जे स्ट्रॉन्शियम, त्याचा 89 भाराचा समस्थानिक याच हेतूने वापरून पाहिला होता. तो अणुभट्टीत अल्प प्रमाणातच तयार होतो, म्हणून महाग पडतो. फॉस्फरस-32 स्वस्त खरा. पण त्याचे बीटा कण शरीरात सुमारे 8 मिलिमीटरपर्यंत पोहोचतात व रक्त निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेस इजा करतात.

यावरचा तोडगा म्हणजे ईडीटीएमपी नावाचे फॉस्फोनेट संयुग. बॉयलरमध्ये क्षारांचा थर धरू नये म्हणून ज्या कुळातील रसायने पाण्यात मिसळतात, त्याच कुळातील हे रसायन आहे! ते धातूचा अणू घट्ट धरून ठेवते व हाडाला चिकटते. त्याच्या पाठीवर समेरियम-153 बसविण्याची पद्धत परदेशात रूढ झाली. अमेरिकेत ते औषध 1997 मध्ये मान्य झाले. समेरियमचे अर्धायुष्य अवघे 46 तास. ज्या देशात अणुभट्टी एका टोकास व रोगी दुसऱ्या टोकास, तेथे ही अडचण लहान नव्हे.

उदाहरणार्थ, तुर्भे येथील अणुभट्टीपासून छत्तीसगढमधील भिलाई-3 हे गाव लोहमार्गाने सुमारे 1,100 किलोमीटर दूर आहे. औषध सिद्ध करणे, त्याची तपासणी, शिशाच्या पात्रात बांधणी व प्रवास यांत तीन दिवस गेले असे धरू. तेवढ्यात समेरियमचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरेल. ल्युटेशियम-177 चे अर्धायुष्य मात्र 6.65 दिवसांचे, त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग शिल्लक राहील. भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी ल्युटेशियमची ईडीटीएमपीशी सांगड घातली, तिचे महत्त्व येथे कळते. ल्युटेशियम-176 न्यूट्रॉन फार उत्सुकतेने ग्रहण करते. त्यामुळे 1985 मध्ये सुरू झालेल्या 'ध्रुव'सारख्या भट्टीतही हा समस्थानिक विपुल मिळतो. त्याचे बीटा कण फार तर 2 मिलिमीटर जातात, म्हणून मज्जेची हानी कमी होते. शिवाय त्याच्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांमुळे औषध कोठे बसले याचे चित्र घेता येते.

हे औषध कोणत्याही दवाखान्यात देता येत नाही. परवानाप्राप्त अणुवैद्यक विभाग लागतो. भिलाई-3 च्या रोग्यास त्यासाठी मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते. प्रथम टेक्निशियम-99एमच्या साहाय्याने सांगाड्याचे चित्र काढतात. दुखरी जागा त्यात उजळ दिसत नसेल, तर टोचून लाभ नाही. रक्तातील पेशी आधीच कमी असल्यास, मूत्रपिंडे दुर्बल असल्यास किंवा कण्यातील मज्जारज्जू दबला असल्यास हा मार्ग सोडावा लागतो. दबलेल्या मज्जारज्जूस तर तातडीने शस्त्रक्रिया वा बाहेरील किरणच हवेत.

आराम तत्काळ पडत नाही. काही रोग्यांची वेदना पहिल्या काही दिवसांत उलट वाढते, व नंतर एक ते चार आठवड्यांत ओसरू लागते. उतार पडल्यास तो बहुधा काही महिने टिकतो. कर्करोग याने बरा होत नाही, हे नातेवाइकांस आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. हाडांत न बसलेले औषध मुख्यतः पहिल्याच दिवशी मूत्रावाटे बाहेर पडते. म्हणून रोग्याने भरपूर पाणी प्यावे, शौचकूपात दोनदा पाणी सोडावे आणि पुढील काही आठवडे रक्ततपासणी चुकवू नये.