विकिपीडियावर नेपोलियन, मराठी डोळ्यांनी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या इतिहासवेड्यांनो, मराठी विकिपीडियावरचे लेख फक्त वाचू नका, संपादित करा! १ मे २००३ ला सुरू झालेला हा ज्ञानकोश तुमच्या-माझ्यासारखी माणसंच लिहितात.

मी सध्या नेपोलियनच्या लेखासाठी वाचन करतोय. तो बुटका होता, ही समजूत अजून घट्ट आहे. त्याची उंची पाच फूट दोन इंच नोंदवली गेली ती जुन्या फ्रेंच मापात. आजच्या हिशेबात ती सुमारे १६८ सेंटीमीटर, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाला साजेशीच. असं वाक्य घालताना लगेच संदर्भ जोडायचा. संदर्भ नसेल तर दुसरा संपादक ते काढू शकतो, आणि ते योग्यच आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मराठी धागा. १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणजेच २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. असई आज जालना जिल्ह्यात आहे. मराठी वाचकाला हा दुवा मिळायलाच हवा.

नवखे असाल तर आधी 'धूळपाटी'वर सराव करा. मतभेद झाला तर लेखाच्या चर्चा पानावर बोला. प्रत्येक बदल 'इतिहास'मध्ये राहतो, त्यामुळे चूक झाली तरी मागची आवृत्ती परत आणता येते.

सम्राट दूरचा वाटत असेल तर अंबरनाथच्या शिवमंदिरापासून सुरुवात करा. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. मंदिराचे स्वच्छ फोटो स्वतः काढून विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. इंटरनेटवरून उचललेले चालत नाहीत.