'बुकवर्म'ची तेहतीस वर्षे

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील 'केसीआरडब्ल्यू' या रेडिओ केंद्रावर १९८९ ते २०२२ या काळात 'बुकवर्म' हा साप्ताहिक कार्यक्रम चालला. अर्धा तास, एक लेखक आणि त्याचे पुस्तक एवढाच त्याचा पसारा. कवीही येत, पण मुख्य भर समकालीन कथा-कादंबरीवर होता. मुलाखतकार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिला : मायकल सिल्व्हरब्लॅट. 'बुकवर्म' म्हणजे 'पुस्तकी किडा'; मराठीत हे शब्द हिणवण्यासाठी वापरतात. या कार्यक्रमाने तेच नाव बिरुदासारखे मिरवले.

सिल्व्हरब्लॅट यांचा जन्म १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. बफलो येथील विद्यापीठात शिकताना जॉन बार्थ, डोनाल्ड बार्थेल्मी असे प्रयोगशील लेखक त्यांना जवळून पाहायला मिळाले. कादंबरीच्या घाटाकडे बारकाईने पाहण्याची सवय तिथलीच म्हणावी लागेल. पुढे ते लॉस एंजेलिसला आले आणि चित्रपटांची प्रसिद्धी, पटकथांवरचे काम यांत रमले. एका जेवणाच्या प्रसंगी रेडिओ केंद्राच्या प्रमुख रूथ सीमोर यांच्याशी त्यांच्या गप्पा रशियन कवितेवर रंगल्या आणि त्यातून या कार्यक्रमाचा प्रस्ताव पुढे आला.

त्या काळी अमेरिकेत नवे पुस्तक आले की लेखक प्रचारदौऱ्यावर निघे आणि गावोगावच्या केंद्रांवर तेच ते प्रश्न ऐके. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून प्रश्न काढणारे निवेदक पुष्कळ होते. सिल्व्हरब्लॅट यांची तऱ्हा वेगळी होती. नवे पुस्तक तर ते वाचतच, शिवाय त्या लेखकाचे आधीचे सारे लेखनही वाचून बसत. त्यामुळे 'तुम्हाला हे सुचले कसे?' हा ठरलेला प्रश्न मागे पडे आणि पुस्तक बांधले कसे, यावर बोलणे सुरू होई.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९९६ चे आहे. डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची 'इन्फिनिट जेस्ट' ही हजाराहून अधिक पानांची कादंबरी नुकतीच आली होती. तिच्या शेवटी जवळपास चारशे टिपा आहेत. अनेकांना ती पसरट वाटली. सिल्व्हरब्लॅट यांनी सुरुवातीलाच विचारले, की ही रचना फ्रॅक्टलसारखी आहे का? म्हणजे छोट्या भागात जो आकार, तोच मोठ्या भागात पुन्हा उमटणारा. वॉलेस यांनी होकार दिला आणि नेमके नावही सांगितले : सिअरपिन्स्कीचा त्रिकोण. एका त्रिकोणाच्या मधला त्रिकोण कापून काढायचा, उरलेल्या तिन्हींत तेच करायचे आणि असे करत राहायचे. १९९४ मध्ये संपादकाकडे दिलेला खर्डा त्या आकृतीवर बेतलेला होता. पुढे काटछाट झाल्याने ती थोडी कलंडली, असेही त्यांनी सांगितले. समीक्षक आजही या उत्तराचा आधार घेतात. ते मिळाले, कारण विचारणाऱ्याने कादंबरी शेवटच्या टिपेपर्यंत वाचली होती.

दुसरी मोलाची मुलाखत जर्मन लेखक डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांची. ती ६ डिसेंबर २००१ रोजी प्रसारित झाली आणि १४ डिसेंबरला सेबाल्ड इंग्लंडमध्ये मोटार अपघातात गेले. चर्चा त्यांच्या 'ऑस्टर्लिट्झ' या कादंबरीवर होती. नाझी छळछावण्या या लेखनात क्वचितच समोर येतात, तरी त्यांची सावली पानापानावर का जाणवते, या अंगाने बोलणे गेले. सेबाल्ड यांची भूमिका स्पष्ट होती. भीषणाकडे थेट पाहिले तर विचारशक्तीच गोठते, म्हणून त्याच्याकडे आडवळणानेच जावे लागते. व्हर्जिनिया वुल्फ यांचा खिडकीच्या काचेवर मरणाऱ्या पतंगावरचा छोटा निबंध त्यांनी दाखल्यासाठी घेतला. एकाने ऐकलेले दुसऱ्याने सांगायचे, ही निवेदनाची रीत ऑस्ट्रियन लेखक थॉमस बर्नहार्ड यांच्याकडून घेतल्याचेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. लेखकाने आपल्या कारागिरीचा उगम इतक्या सरळपणे सांगणे दुर्मीळ.

टोनी मॉरिसन, सुसान सोंटॅग, ऑक्टेव्हिया बटलर, जोन डिडिअन अशी मोठी मंडळीही इथे बोलून गेली. सिल्व्हरब्लॅट यांचा वाटा मात्र मुलाखतींपुरता नव्हता. डेनिस कूपर यांच्यासारख्या निषिद्ध विषयांत शिरणाऱ्या लेखकांवर त्यांनी १९९३ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये लिहिले आणि 'ट्रान्सग्रेसिव्ह' हे विशेषण अशा कादंबरीला तेव्हापासून चिकटले.

याच काळात इतरत्रही अशा वाटा होत्या. शिकागोत स्टड्स टर्केल १९५२ पासून १९९७ पर्यंत रेडिओवर लोकांना बोलते करत होते. त्यांच्याकडे लेखकांइतकाच मान कामगारांनाही होता. कॅनडाच्या सीबीसीवर एलिनॉर वॉकटेल यांचा 'रायटर्स अँड कंपनी' १९९० ते २०२३ चालला; वॉकटेल लेखकाच्या बालपणातून, घरातून पुस्तकाकडे येत. बीबीसीच्या 'बुकक्लब'मध्ये १९९८ पासून जेम्स नॉटी यांच्यासोबत वाचकच प्रश्न विचारू लागले. सिल्व्हरब्लॅट यांची नजर वाक्यावर आणि घाटावर खिळलेली असे. त्यांचे प्रश्न लांबत आणि पुस्तक न वाचलेल्या श्रोत्याची कधी दमछाकही होई. पण त्या लांबलेल्या प्रश्नातच वाचन उलगडत असे आणि लेखकाला उत्तराआधी विचार करायला सवड मिळे.

कार्यक्रम २०२२ मध्ये थांबला. पुढच्याच वर्षी निवडक संभाषणांचे पुस्तक निघाले. त्यात सेबाल्ड आणि वॉलेस दोघेही आहेत.