मांडवीकाठचा आदिलशाही राजवाडा

पणजी - मांडवीच्या काठाने जाताना उतरत्या कौलारू छपराची एक लांबलचक वास्तू लक्ष वेधून घेते. पर्यटक तिला पोर्तुगीज इमारत समजतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. विजापूरच्या आदिलशहाची म्हणावी अशी खूण तिच्या बाह्यरूपात आज जवळपास उरलेलीच नाही.

युसूफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास येथे उन्हाळी निवासासाठी गढीवजा राजवाडा बांधला. तोफा आणि खाऱ्या पाण्याचा खंदक हे त्याचे संरक्षण. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर तो पोर्तुगीजांकडे गेला. पण राजधानी आजच्या जुने गोवे येथेच राहिली. लिस्बनहून येणारे व्हाइसरॉय अधिकारग्रहणापूर्वी या गढीत मुक्काम करीत, एवढेच तिचे महत्त्व होते.

चित्र पालटले ते रोगराईमुळे. सच्छिद्र जांभ्या जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपे आणि साथींनी जुने गोवे ओस पडू लागले. १६९५ मध्ये व्हाइसरॉयांनी पणेलीच्या दारूगोळा कारखान्याच्या इमारतीत मुक्काम हलवला. तिथेही साथीने पाठ सोडली नाही. अखेर १७५९ मध्ये व्हाइसरॉय कोंद द एगा यांनी पणजीची ही जुनी गढी दुरुस्त करून तिथे निवास थाटला. गढीचा प्रासाद झाला तो तेव्हापासून. राज्यकर्त्यामागोमाग कचेऱ्या आल्या, वस्ती वाढली आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी ठरली. साध्या खेड्याचे शहर होण्यामागे या एका स्थलांतराचा वाटा सर्वांत मोठा, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१९१८ मध्ये गव्हर्नरांचे निवासस्थान दोनापावलाजवळच्या काबो येथे गेले. आजचे राजभवन ते हेच. मांडवीकाठी मात्र राज्यकारभाराची कार्यालये राहिली. १९६१ च्या मुक्तीनंतर प्रवेशद्वारावरील पोर्तुगीज राजचिन्हाच्या जागी अशोकचक्र आले. सचिवालय आणि विधानसभा दोन्ही येथेच भरू लागली. कोकणी-मराठी वाद टोकाला पोहोचला असताना, फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा विधेयक याच वास्तूत संमत झाले.

२००० मध्ये विधानसभा पर्वरीच्या नव्या संकुलात गेली आणि सुलतान, व्हाइसरॉय, आमदार असा प्रवास केलेल्या या वास्तूतून सत्तेने प्रथमच काढता पाय घेतला. तेव्हापासून प्रदर्शने आणि कलामहोत्सव यांसाठी तिचा वापर होत आला आहे.