डाव्या पंजातले १९५ किलो

पाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. फोटोत वेग दिसत नाही. विरारच्या यात्रेत मला तोच दिसला. पुढे लेझीम, मागे ढोल आणि मधल्या बुलेटांची रांग चालत्या माणसाहूनही हळू. बहुतेकजणींचे पाय सारखे जमिनीला लागत होते. एकीचे लागत नव्हते. उंची जेमतेम पाच फूट, खाली क्लासिक ३५०. गाडी थांबलीय असं वाटे, पण चाक फिरतच असे. गजऱ्यातल्या मोगऱ्याचा आणि तापलेल्या इंजिनाचा वास एकमेकांत मिसळला होता. मी तिच्या डाव्या पंजाकडे बघत राहिले. क्लचवरची बोटं जराशी आत, जराशी बाहेर. बाकी अंग स्वस्थ. हे जमतं कसं, ते बघायला मी वसईत त्यांच्या रविवारच्या सरावाला गेले.

किल्ल्याच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात, उन्हं चढायच्या आत हा सराव चालतो. यात्रेतल्या त्या बाईच इथे शिकवतात. मुली त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही. ताईंनी आल्या आल्या आकडा सांगितला. ‘‘एकशे पंच्याण्णव किलो. लक्षात ठेवायचा, पण उचलायला जायचं नाही.’’

पेट्रोल-तेलासकट क्लासिक ३५० चं वजन तेवढंच आहे. सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर उंच. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा दोन्ही पाय सपाट टेकणार नाहीत, हे उघडच आहे. ताई त्यावर वेळ घालवत नाहीत.

पहिला धडा इंजिन बंद ठेवून. नालासोपाऱ्याहून आलेली कॉलेजातली एक मुलगी गाडीच्या डावीकडे उभी होती, दोन्ही मुठी आवळून. ताईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. शेवटी हँडलवर तिची दोनच बोटं उरली आणि गाडी उभीच. गाडी सरळ असते तेव्हा सगळा भार टायर पेलतात. मी नंतर ढोबळ गणित मांडलं. पाच अंश कलली, तर हँडलपाशी आठ-नऊ किलोंचा जोर पुरतो. वीस अंश कलली, की तोच तीस किलोंच्या पुढे जातो. म्हणजे तोल सावरायचा तो पहिल्या पाच अंशांत. तिथे उंच माणूस आणि बुटका माणूस सारखेच. नंतर मात्र लांब पाय कामी येतात, आणि आखूड पायांच्या माणसाला तिथवर गाडी जाऊच द्यायची नसते.

त्यासाठी हाफ क्लच. रेस थोडी आणि एकसारखी, मागच्या ब्रेकवर उजव्या पायाचा हलका दाब, आणि वेगाचा कमी-जास्तपणा सगळा डाव्या पंजात. क्लच पूर्ण दाबला की चाकाची ओढ तुटते आणि गाडी ढेपाळते. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरला, तर ती आतल्या बाजूला झोपते. हळू चालवताना गाड्या पडतात त्या बऱ्याचदा या दोन चुकांनी. वळताना अंग बाहेरच्या बाजूला, नजर वळणाच्या पलीकडे. मुलगी पुढच्या चाकाकडे बघायला लागली, की ताई नुसतं म्हणायच्या, ‘‘वर.’’

मग आम्ही गिरीज-भुईगावच्या गल्ल्यांत गेलो. एका बाजूला वाडीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला बावखल म्हणजे पाण्याचं तळं, मधे एका गाडीपुरता रस्ता. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. त्यामुळे उजवा पाय ब्रेकवर ठेवून डावा टेकवायला जावं, तर जमीन नेमकी तिथेच खाली गेलेली. ताई कडेपासून हातभर आत थांबतात. थांबायची जागा आधीच हेरलेली असते. गाडी तिथे पोचेपर्यंत त्या सीटवर डावीकडे सरकतात आणि चवडा टेकवतात. जुन्या बुलेटचा ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे असायचा. तेव्हा ब्रेक धरून उजवा पाय टेकवावा लागे, तोही चढाच्या बाजूला. ती सोय आता गेली.

राजोडी-कळंबच्या किनाऱ्यालगत सुरूच्या सुया रस्त्यावर पडतात आणि त्यावरून टेकवलेला पाय घसरतो. वाळूत साइड स्टँड रुततो, म्हणून डिकीत फळकुटाचा तुकडा असतोच. गाडी लावायची तीही तोंड बाहेर करून. नंतर उतारावर मागे ढकलत बसायला नको. गाडी पाच अंशांच्या पार गेलीच, तर सोडून द्यायची, खाली पाय घालायचा नाही. ती पुन्हा उभी करायची तर सीटला पाठ लावून, मांड्यांच्या जोरावर. हा धडा ताई सर्वांत शेवटी देतात. ‘‘आधी शिकवला की मुली एकशे पंच्याण्णवच मोजत बसतात.’’

ताईंच्या या कामाकडे मी तटस्थपणे बघू शकत नाही. बाई बुटकी दिसली की दुकानात तिला आधी स्कूटर दाखवली जाते, घरी ‘झेपेल का’ असं विचारलं जातं. सीटचा फोम कापून इंचभर उंची कमी करता येते. शॉकअप खाली घेतले, तर गाडीचं पोट स्पीडब्रेकरला घासतं. हे उपाय सगळ्यांना ठाऊक असतात. डाव्या पंजाचं कसब मात्र लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढण्यापुरतं लागतं आणि नंतर कुणी ते विचारत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारीत मोटरसायकलवरून जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा बातम्या साडीच्या आणि अंतराच्या झाल्या. एवढ्या प्रवासात रोज गाडी थांबवणं, वळवणं, लावणं हेही आलंच, आणि मला तेच मोठं वाटतं.

ताईंना मी विचारलं, मुली जास्त कुठे पाडतात? मैदानात नाही, गल्लीतही नाही. अंबाडी रोडला, स्टेशनकडच्या गर्दीत. मागून रिक्षा हॉर्न देते, मुलगी घाबरून क्लच दाबते आणि मिळेल तिथे पाय टाकते. नेमका तिथे खड्डा असतो. ‘‘हॉर्न ऐकून थांबायची जागा बदलायची नाही,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मी सगळ्यात जास्त वेळ तेच शिकवते.’’

पायांची लांबी ठरलेली आहे, पण थांबायची जागा प्रत्येकीला निवडता येते. त्या निवडीला दोन-चार सेकंद जास्त लागतात आणि तेवढी तिला मिळायलाच हवीत. मागच्या गाडीवर आपण असू, तेव्हा हॉर्नवरचा अंगठा तेवढा वेळ उचलून ठेवावा.