एका नावाचा प्रवास : खदिजा आणि खतिजाबी

घरात मूल जन्माला आले की अकीक्याच्या आधी नावाची धांदल सुरू होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे ओळखीची मंडळी अशा वेळी नावांची यादी पाठवून विचारतात, "मॅडम, यातले कोणते ठेवू? अर्थ काय होतो?" अलीकडे या याद्यांमध्ये खदिजा हे नाव पुन्हा दिसू लागले आहे. त्याबरोबर एक शंकाही येते. मोबाइलवर शोधले की अर्थ मिळतो : वेळेआधी जन्मलेली, दिवस पूर्ण न भरलेली. नवे आईबाप बिचकतात. धडधाकट लेकीला असे नाव का ठेवायचे? मग खदिजा यादीतून जाते आणि तिच्या जागी कानाला गोड वाटणारे, पण कोणत्या भाषेतले आहे हेही कुणाला सांगता येत नाही, असे नाव येते.

मोबाइलने सांगितलेला अर्थ खोटा नाही. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मूळ धातूपासून बनतात. खे, दाल, जीम हा या नावाचा धातू. उंटीण दिवस भरण्याआधी व्याली की अरब लोक हे क्रियापद वापरत. जुन्या अरबी शब्दकोशांनी त्यात एक बारीक फरकही नोंदवला आहे. 'खदजत' म्हणजे पिल्लू लवकर आले, पण अंगाने पूर्ण आहे. 'अखदजत' म्हणजे दिवस भरले, तरी पिल्लू अपुरे राहिले. खदिजा हे नाव यातल्या पहिल्या रूपाच्या जवळचे. याच धातूतला 'खिदाज' हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी नमाजच्या संदर्भात ऐकला असेल. ज्या नमाजमध्ये सूरह फातिहा पढली जात नाही ती खिदाज, म्हणजे अपुरी, असे हदीसमध्ये आले आहे.

अरबांमध्ये मुलांची नावे जन्माच्या परिस्थितीवरून, प्राण्यांवरून, निसर्गावरून सहज ठेवली जात. असद म्हणजे सिंह, जाफर म्हणजे लहान नदी. फातिमा हे नाव तर 'दूध सोडवणे' या अर्थाच्या धातूतून आले आहे. केवळ शब्दकोश उघडून निवड करायची ठरवली, तर आपल्या घरातली किती लाडकी नावे बाद होतील!

नावाचा अर्थ पाहूच नये, असे मात्र नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काही नावे स्वतः बदलली. हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीचे नाव आसिया, म्हणजे आज्ञा मोडणारी, असे होते. ते बदलून त्यांनी जमिला ठेवले. (फिरऔनच्या ईमानवंत पत्नीचे आसिया हे नाव वेगळे. उर्दूत दोन्हींची अक्षरे वेगळी आहेत, देवनागरीत ती सारखी दिसतात.) उलट 'बर्रा' या नावाचा अर्थ चांगला होता : सदाचारी, नेक. पण त्यात स्वतःची स्तुती होते म्हणून तेही बदलले गेले. म्हणजे वाईट अर्थाचे नाव नको, तसे मिरवणारे नावही नको. खदिजा हे नाव मात्र तसेच राहिले आणि प्रेषितांच्या (स.) तोंडी ते अखेरपर्यंत प्रेमाने येत राहिले.

कारण त्या नावाला अर्थ दिला तो ते धारण करणाऱ्या स्त्रीने. खुवैलिद यांची ही कन्या मक्केतली मोठी व्यापारी. इस्लामपूर्व काळातही लोक तिला 'ताहिरा', म्हणजे पवित्र, म्हणत. तिचा माल घेऊन तरुण मुहम्मद (स.) शामला गेले. सोबत तिचा सेवक मैसरा होता. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून लग्नाचा प्रस्ताव तिनेच पाठवला. हिराच्या गुहेत पहिली वही उतरली आणि प्रेषित (स.) थरथरत घरी आले, तेव्हा त्यांच्या अंगावर चादर घालून धीर देणारी, मग त्यांना आपला चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे नेणारी आणि सर्वांत आधी ईमान आणणारी हीच. कुरैशांच्या बहिष्काराची वर्षेही तिने सोसली. इ.स. ६१९ मध्ये, हिजरतीच्या सुमारे तीन वर्षे आधी, तिचे निधन झाले. ते वर्ष 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, म्हणून ओळखले जाते. पुढे मदिनेत बकरी जिबह झाली की प्रेषित (स.) खदिजांच्या (रजि.) मैत्रिणींच्या घरी आठवणीने वाटा पाठवत.

असे नाव एका देशात राहणे शक्य नव्हते. इस्लाम जिथे गेला तिथे ते गेले आणि तिथल्या जिभेप्रमाणे घडले. तुर्कस्तानात ते हातिजे झाले, पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत हदिजा, सेनेगलमध्ये खादी. मलेशियात आणि आपल्या गुजरात-कोकण किनाऱ्यावर ते खतिजा झाले. तमिळ लिपीत त आणि द यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे तिकडेही खतिजा दिसते. संगीतकार ए. आर. रहमान यांच्या गायिका कन्येचे नाव खतिजाच आहे.

दख्खनच्या इतिहासात तर या नावाची एक मोठी स्त्री होऊन गेली. शिवचरित्रातली, अफजलखानाला मोहिमेवर धाडणारी बडी साहेबीण आपल्याला शाळेपासून माहीत असते. तिचे नाव खदिजा सुलताना, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुतुबशाहची ही मुलगी, विजापूरच्या मुहम्मद आदिलशाहची बेगम. तिच्या सांगण्यावरून रुस्तमी या कवीने १६४९ मध्ये 'खावरनामा' हे प्रचंड काव्य दख्खनीत आणले. आपल्या घरांत आजही जी बोली बोलली जाते, तिच्या वाङ्मयात या बेगमेचा असा वाटा आहे. पती वारल्यावर तिने काही वर्षे राज्यकारभारात लक्ष घातले आणि १६६१ मध्ये ती कोकणातल्या वेंगुर्ला बंदरातून डच जहाजाने मक्केच्या यात्रेला निघाली.

आपल्या घरांत हे नाव बहुधा खतिजाबी या रूपात नांदले. दादी-नानीच्या पिढीत खतिजाबी, आमिनाबी, फातमाबी घरोघरी होत्या. लाडाने खतू म्हणत. आमच्या पिढीत चित्र पालटले. माझ्या बरोबरीच्या मुली शबाना, परवीन, यास्मिन, नाझनीन. कुटुंबे शहरांत आली, सिनेमा आणि उर्दू कथा-कादंबऱ्या घरात आल्या आणि 'बी' लागलेली नावे गावंढळ वाटू लागली. त्या नव्या नावांचे अर्थ कुणी फारसे तपासले नव्हते. शबाना म्हणजे रात्रीचे, परवीन म्हणजे कृत्तिका नक्षत्र. ती आवडली, एवढेच पुरे होते.

आता सीरतची पुस्तके मराठीतही मिळतात, मुली ती वाचतात आणि खदिजा परत आली आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण या परतण्यात एक गोष्ट मला खुपते. खदिजा 'शुद्ध' आणि खतिजा 'अडाणी', असा भेद घरात होऊ लागला आहे. नानीचे नाव मिळालेली आठवीतली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, रजिस्टरमध्ये माझे नाव खदिजा करा ना, सगळ्या हसतात." मी वर्गाला तुर्की हातिजे आणि स्वाहिली हदिजा सांगितल्या. उर्दूत ते कसे लिहितात ते फळ्यावर लिहून दाखवले. अरबी उच्चार शिकावा, तो सुंदर आहे. पण ज्या बायांनी खतिजाबी या नावाने आयुष्यभर रोजे ठेवले, घरे चालवली, आपल्याला कलमा शिकवला, त्यांचे नाव चुकीचे कसे?

याला एक व्यवहाराची बाजूही आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा मुख्य पुरावा आहे. म्हणून नाव खदिजा, खदीजा की खतिजा, हे घरात बसून आधी ठरवा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग कागदावर लिहून घ्या आणि दाखला, आधार, शाळा, सगळीकडे तेच द्या. घाई नको. जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव एका वर्षाच्या आत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. एकदा शाळेच्या नोंदीत गेलेले नाव दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते, मग बदलण्यासाठी राजपत्रापर्यंत धावपळ करावी लागते. घरातल्या वृद्ध खतिजाबीचेही आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक एकदा शेजारी ठेवून पाहा. तिन्हींवर तीन नावे असतील, तर हजचा अर्ज भरायच्या आधीच ती एकसारखी करून घ्या. आणि नात खदिजा, दादी खतिजाबी असेल, तर नातीला जवळ बसवून सांगा की दोघींचे नाव एकच आहे.