कपाळावरचा आडवा हात

मंडळी, सकाळच्या प्रहरी पूर्वेकडे तोंड करून शेताला निघालेला माणूस बांधावर थांबून दूरवर काही न्याहाळू लागला, की त्याचा हात आपोआप कपाळाशी जातो. तळहात आडवा धरला की डोळ्यांवर सावली पडते, आणि ओढ्यापलीकडची गुरं आपली की शेजाऱ्याची, हे ओळखू येतं. ही गोष्ट त्याला कुणी शाळेत शिकवलेली नसते. पण हाच माणूस मोटार चालवत असला तर? त्याचे दोन्ही हात चाकावर गुंतलेले. कपाळावर धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

मोटारीत तो तिसरा हात असतो. समोरच्या काचेच्या वर छताशी टेकवून ठेवलेली, सुमारे वीतभर रुंदीची एक पट्टी जीपमध्ये किंवा ट्रकमध्ये तुम्ही पाहिली असेल. ऊन डोळ्यांवर आलं की ती खाली ओढायची, एरवी वर सारायची. हिलाच सनव्हायझर म्हणतात. आज मी तुम्हांला सांगणार आहे ती एका जुन्या मोटारीचा व्हायझर बदलण्याची हकिगत. तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्याजोगं ते काय? दोन स्क्रू काढले, दोन लावले. मलाही तसंच वाटलं होतं.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ नोकरीला आहे. २०२२ सालच्या डिसेंबरात मी त्याच्याकडे आठ दिवस राहिलो होतो. त्याला जुन्या मोटारींचा नाद. त्याच्या दारात एक 'एम. जी. बी.' उभी असते. दोन माणसांपुरती, बुटकी, कापडी छप्पर मागे दुमडता येणारी ही मोटार १९६२ साली निघाली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डच्या दक्षिणेला असलेल्या अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात तयार होत होती. त्या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. कारखाना बंद झाला, तरी गाडीवरचा लोभ सुटला नाही. १९८८ पासून तर पुष्कळसे जुनेच साचे वापरून तिचे नवे सांगाडे पुन्हा बनू लागले. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात, आणि त्यांत व्हायझरही आले.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे भूगोलाकडे, थोडं वळतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावं. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजावर किती अंश चढतो, हे काढायचं असेल, तर नव्वदातून गावाचा अक्षांश वजा करायचा आणि आणखी साडेतेवीस वजा करायचे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. उत्तर येतं अठ्ठेचाळीस अंश. ऑक्सफर्डचा अक्षांश पावणेबावन्न. उत्तर येतं पावणेपंधरा! म्हणजे आपल्याकडे ऐन थंडीतही दुपारचं ऊन डोक्याच्या बाजूने येतं, तर तिथे भर बाराला ते सरळ डोळ्यांत शिरतं. आपल्याकडे डिसेंबरात उगवल्यापासून सुमारे सव्वा तासात सूर्य पंधरा अंशांवर जातो आणि ड्रायव्हरची सुटका होते. त्या मुलखात हिवाळ्याचा अख्खा दिवस म्हणजे आपली सकाळ-संध्याकाळच. म्हणून तिथे व्हायझर ही चैन नव्हे.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. उमगलं मात्र एका दुपारी. तीन-सव्वातीन वाजले होते, ऊन समोरून येत होतं आणि आम्ही गावात शिरत होतो. रस्ता जरा उखडलेला होता. एक दचका बसला आणि वर सारून ठेवलेला व्हायझर धप्पकन चालकाच्या डोळ्यांपुढे आला. तो त्याने हाताने वर ढकलला, तर समोर नुसता पांढरा झगझगाट. त्या झगझगाटात पट्ट्यांच्या ओलांडणीवर हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी होती. ती आम्हांला दिसली ती अगदी जवळ आल्यावर. वेग कमी होता म्हणून ब्रेक पुरला. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, काही न बोलता त्या पलीकडे गेल्या. आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. मग मीच म्हणालो, "अरे, हा व्हायझर कधीपासून असा पडतोय?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, सहा महिने झाले. उद्या-उद्या करत राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तो काढायला घेतला. जुना व्हायझर का निकामी होतो, हे तेव्हा उलगडून पाहायला मिळालं. आत पुठ्ठ्यासारखा ताठ गाभा, त्यावर फोम, वरून रेक्झिन आणि वरच्या कडेतून गेलेली लोखंडी सळई. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात तापून ते उडून जातं. मग रेक्झिन आखडतं, कडक होतं आणि शिवणीपाशी तडकतं. फोमचा भुगा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सळईला घट्ट आवळून धरणारी पकड सैल पडते. व्हायझर जागच्या जागी राहतो तो केवळ या पकडीच्या घर्षणामुळे.

इथे मुलांना करून दाखवण्यासारखा एक प्रयोग आहे. फूटपट्टीचं एक टोक दोन बोटांच्या चिमटीत धरा. पट्टी सरळ खाली लोंबत असेल, तर चिमूट हलकी असली तरी चालतं. तीच पट्टी आडवी धरून पाहा. चिमूट करकचून आवळावी लागते, नाहीतर पट्टी खाली झुकते. वजन तेवढंच आहे, पण आडव्या स्थितीत ते आधारापासून दूर गेल्यामुळे त्याची पिरगळण्याची शक्ती वाढते. छताशी सारलेला व्हायझर असा आडवा असतो. म्हणून पकड सैल झाली की तो नको असताना खाली पडतो, आणि दचक्याने तर हमखास.

आता बदलण्याची रीत सांगतो. पहिला नियम, आधी मोजा, मग मागवा. मोटारीचं नाव एकच असलं, तरी वर्षागणिक व्हायझर आणि त्याची बैठक बदललेली असते. डावा-उजवाही निराळा असतो. माझ्या विद्यार्थ्याने एका दुकानातून नुसतं नाव सांगून जोडी आणली होती. तिच्या बैठकीची भोकं मोटारीच्या भोकांशी जुळेनात, जेमतेम करंगळीच्या नखाएवढा फरक. तो लगेच ड्रिल घेऊन आला. मी म्हणालो, "थांब बाबा. भोक पाडायला एक मिनिट लागतं, बुजवायला जन्म जातो." या मोटारीत समोरच्या काचेची चौकट अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि काच तिच्या खाचेत बसवलेली आहे. बेताबाहेर भोक गेलं किंवा स्क्रू लांब निघाला, तर तो काचेलाच भिडायचा. जोडी परत केली, भोकांतलं अंतर, सळईची जाडी आणि व्हायझरची लांबी कागदावर लिहिली, आणि त्या मापाची दुसरी मागवली.

दुसरा नियम स्क्रूचा. लोखंडी स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट यांच्यामध्ये पावसाचं पाणी गेलं, की दोन धातूंचा तिथे संयोग होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी साचते आणि स्क्रू जाम बसतो. जोर केला तर त्याचं डोकं तरी घासतं, नाहीतर भोकातले आटे तरी जातात. म्हणून गंज सोडवणारं तेल थेंबभर सोडून ते रात्रभर मुरू द्यावं. खाचेत नेमका बसणाराच पेचकस घ्यावा. स्क्रूच्या डोक्यावरच्या फुल्या सगळ्या सारख्या दिसतात, पण त्यांच्याही दोन-तीन जाती आहेत. पेचकस दाबून धरावा, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा आणि मग सोडवण्याच्या दिशेने फिरवावा. आमचा एक स्क्रू अर्ध्या तासाने हलला. आटे शाबूत राहिले.

नवा बसवताना भोक साफ पुसून आट्यांना बोटभर ग्रीस लावलं. दोन्ही स्क्रू प्रथम नुसत्या बोटांनी धरवले, व्हायझर सरळ आहे ना ते पाहिलं, आणि मग बेताने आवळले. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्याच्यावर लोखंडाइतका जोर करू नये. मग पकड तपासली. व्हायझर एका हाताने हलावा, पण मुठीने चौकटीवर ठोसा मारला तरी पडू नये. शेवटी चालकाने आपल्या नेहमीच्या बसण्यात बसून पाहावं, की खाली घेतल्यावर सूर्य झाकतो आणि रस्ता झाकत नाही. मागचं दाखवणाऱ्या आरशाला तो आडवा येत नाही, हेही पाहावं.

घरीच फळीचा तुकडा रेक्झिनमध्ये गुंडाळून बसवला तर? स्वस्त पडेल, पण करू नये. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना नियम घातला, की पुढच्या आसनांसमोरचे व्हायझर आघात शोषणाऱ्या मऊ पदार्थाचे हवेत. या एम. जी. बी. गाड्यांतल्या पुष्कळशा तिकडेच जात. नियमामागचा विचार सरळ आहे. टक्कर झाली की माणसाचं कपाळ पुढे फेकलं जातं, आणि समोर येतो तो व्हायझर. तेव्हा तो सावलीही आहे आणि उशीही.

मात्र व्हायझरलाही मर्यादा आहे. सूर्य अगदी क्षितिजाला टेकला, की तो झाकू गेल्यास रस्ताही झाकला जातो. तिथे उपाय दोनच, काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवणं आणि वेग उतरवणं. मळकट काचेवर ऊन पडलं की ती पडद्यासारखी पांढरी होते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना तसली मोटार, ना तसला मुलूख. खरं आहे. पण रस्ता तर आहे! सकाळी शाळेला निघालेली पोरं, संध्याकाळी उसाची गाडी घेऊन परतणारा गाडीवान, सायकलवरचा दूधवाला, हे सारे त्याच वेळी रस्त्यावर असतात, जेव्हा ऊन ड्रायव्हरच्या डोळ्यांत असतं. म्हणून मुलांना एक साधी खूण शिकवा. आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीच्या तिप्पट-चौपट लांब असेल, तर सूर्य पंधरा-वीस अंशांवर आहे. आणि ती सावली रस्त्यावर ज्या बाजूला पडली असेल, त्या बाजूने येणाऱ्या मोटारवाल्याच्या डोळ्यांत ऊन आहे. आपल्याला तो लख्ख दिसतो, पण त्याला आपण दिसत नसू. त्याच्या मोटारीचा तिसरा हात सैल पडलेला आहे की घट्ट, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? तेव्हा त्याला जाऊ द्यावं आणि मग रस्ता ओलांडावा.

माझ्या विद्यार्थ्याचं परवाच पत्र आलं. व्हायझर जागच्या जागी आहे. त्या ओलांडणीपाशी मात्र, तो लिहितो, ऊन असो-नसो, त्याचा पाय आता आपोआप ब्रेकवर जातो.